जेवण बंद, म्हणून इन्सुलिन बंद?
मधुमेही मुलांच्या घरात प्रत्येकाला माहीत असावी अशी गोष्ट

‘‘पोराला रात्रीपासून उलट्या होताहेत. पोटात घास नाही. मग सुई कशाला टोचायची? शुगर एकदम खाली आली तर?’’

इन्सुलिनवर असलेल्या मुलाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. अम्मी काळजीने विचारते, दादी मान डोलावते, शेजारची खालाही म्हणते की रिकाम्या पोटी इन्सुलिन देऊ नये. बोलणे पटण्यासारखे वाटते. त्यात माया असते, हयगय अजिबात नसते. पण टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन असे पूर्ण थांबवले, तर काही तासांतच ते अतिदक्षता विभागात पोहोचू शकते. उशीर झाला तर जीवही जातो.

या अवस्थेला डॉक्टर ‘डायबेटिक कीटोॲसिडोसिस’ म्हणतात. रुग्णालयात ‘डीकेए’ हे छोटे नाव ऐकू येते. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला अवघड नाही. ती समजली तर हे संकट बहुतेक वेळा टाळता येते, म्हणूनच या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

शरीरात नेमके काय बिघडते?

आपण भाकरी, भात, खजूर, काहीही खाल्ले की त्याची साखर होऊन रक्तात येते. ती रक्तातून पेशींमध्ये नीट जाण्यासाठी इन्सुलिन लागते. हे इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही. आईवडिलांच्या कोणत्याही चुकीने होत नाही. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो आणि त्यावर बाहेरून इन्सुलिन घेण्यावाचून इलाज नाही.

इन्सुलिन नसेल तर घरात विचित्र परिस्थिती होते. कोठी धान्याने भरलेली आहे, पण कुलपाची किल्ली हरवली आहे, आणि घरातले उपाशी आहेत. रक्तात साखर भरपूर, पेशी मात्र भुकेल्या. मग शरीर चरबी मोडू लागते. यकृत त्या चरबीपासून ‘कीटोन’ नावाचे पदार्थ बनवते. थोडे कीटोन शरीराला चालतात. इन्सुलिन अजिबात नसेल तर मात्र त्यांना लगाम राहत नाही. कीटोन आम्लधर्मी असतात. ते साठत गेले की रक्त आंबट होऊ लागते. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. तो ७.३ च्या खाली गेला की हृदय, मेंदू, स्नायू सगळ्यांचेच काम बिघडू लागते.

दुसरीकडे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाणी व क्षार ओढून नेते. वर उलट्या होत असतात. ६० किलो वजनाच्या मोठ्या माणसाच्या शरीरातून अशा वेळी सहा लिटरच्या आसपास पाणी कमी झालेले असू शकते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पोटात घास नसताना साखर कुठून येते? ती यकृतातून येते. आपण झोपलेले असतो, उपाशी असतो, तेव्हाही यकृत रक्तात साखर सोडत असते. ताप, जुलाब, घशाचा संसर्ग असा कोणताही आजार झाला की शरीर तणावाची संप्रेरके सोडते आणि यकृत आणखी साखर ओतू लागते. म्हणून आजारपणात, जेवण बंद असतानाही, साखर वाढू शकते आणि इन्सुलिनची गरज कित्येकदा नेहमीपेक्षा जास्त असते. ‘जेवण नाही म्हणून इन्सुलिन नाही’ हा हिशेब इथेच चुकतो.

शंभर वर्षांपूर्वीचा एक मुलगा

इन्सुलिन मिळण्यापूर्वी टाइप १ मधुमेहाच्या मुलांचे काय होत असे, हे आजच्या पिढीला माहीत नाही. या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. तेवढ्याने काही महिने, फार तर एक-दोन वर्षे मिळत. शेवट बहुधा याच कीटोॲसिडोसिसने होई. मूल बेशुद्ध पडे आणि पुन्हा जागे होत नसे.

कॅनडातील टोरांटो शहरात १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत जनावरांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो अर्क लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला. त्याचे वजन जेमतेम २९ किलो होते. पहिल्या इंजेक्शनचा फारसा उपयोग झाला नाही. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचण्यास सुरुवात झाली. या वेळी रक्तातील साखर झपाट्याने उतरली आणि लघवीतील कीटोन नाहीसे झाले. मरणाच्या दारातला लेनर्ड पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचे पेटंट संशोधकांनी नाममात्र एक-एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच, की टाइप १ च्या मुलासाठी इन्सुलिन म्हणजे ‘सवय लागणारे औषध’ नव्हे. दुसऱ्यांच्या शरीरात जे आपोआप तयार होते, तेच या मुलाला बाहेरून द्यावे लागते. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, कुणी दिलेली पुडी, यांतले काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. दुआ जरूर करावी, दमही करून घ्यावा, पण सुई चालू ठेवून. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही आपली शिकवण आहे. या आजारावरचा इलाज सापडलेला आहे. तो हातात असताना थांबवणे याला तवक्कुल म्हणता येणार नाही.

ओळखायचे कसे?

कितीतरी घरांत मुलाला मधुमेह आहे हे डीकेए झाल्यावरच कळते. त्याआधी काही दिवस किंवा आठवडे शरीर खुणा देत असते. मूल सारखे पाणी पिते, रात्रीही उठून पिते. सारखे लघवीला जाते. जेवूनही वजन उतरते. खेळणारे मूल मलूल होते. आणि एक खूण विशेष लक्षात ठेवावी: कित्येक महिने किंवा वर्षे अंथरूण कोरडे ठेवणारे मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागते.

इटलीतील पार्मा या शहरात नेमकी हीच खूण डॉक्टरांनी उपयोगात आणली. १९९१ पासून त्यांनी त्या जिल्ह्यातील शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधे पोस्टर लावले. त्यात सांगितले होते की मूल खूप पाणी पीत असेल, पुन्हा अंथरूण ओले करत असेल, तर मधुमेहाची तपासणी करा. त्याआधीच्या चार वर्षांत, नव्याने मधुमेह झालेल्या ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी ७८ टक्के मुले डीकेए होऊनच रुग्णालयात पोहोचत होती. पोस्टर लावल्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. त्यासाठी नवे औषध लागले नाही की महागडे यंत्र लागले नाही. आया आणि शिक्षकांना एक गोष्ट वेळेवर कळली, एवढेच.

आपल्याकडे अंथरूण ओले केले म्हणून मूल ओरडा खाते, कधी मारही खाते. त्याऐवजी ग्लुकोमीटरवर साखर तपासली तर एका मिनिटात उत्तर मिळते.

डीकेए सुरू झाला की चित्र बदलते. मळमळ आणि उलट्या होतात, पोटात जोराने दुखते. तोंड कोरडे पडते. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरसारखा वास येतो. श्वास खोल आणि जलद होतो, जणू मूल धावून आले आहे. रक्तातील आम्ल श्वासावाटे कमी करण्याची ही शरीराची धडपड असते. या श्वासाचे वर्णन जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७४ मध्येच केले होते. पुढे मूल गुंगीत जाते, असंबद्ध बोलते, शेवटी बेशुद्ध होते.

यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्याच आजाराचे वाटू शकते. उलट्या म्हणजे अपचन, पोटदुखी म्हणजे अपेंडिक्स, खोल श्वास म्हणजे दमा, असंबद्ध बोलणे म्हणजे नजर किंवा आसेब! या फेऱ्यांत मोलाचे तास निघून जातात. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेले तरी बाटली लावण्यापूर्वी ‘‘डॉक्टरसाहेब, आधी शुगर तपासा’’ एवढे म्हणायला संकोच करू नये. साखर न पाहता ग्लुकोजची बाटली किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले तर साखर आणखी वाढते.

आजारपणाचे नियम

इन्सुलिनवर असलेल्या मुलाला ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. सर्वसाधारण नियम असे आहेत.

पहिला, इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. दिवसभर पुरणारे लाँग ॲक्टिंग इन्सुलिन चालूच ठेवायचे. जेवणाआधीचा डोस कमी करायचा, तेवढाच ठेवायचा की वाढवायचा, हे साखर पाहून आणि डॉक्टरांना फोन करून ठरवायचे. मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डोस स्वतःच्या मनाने मुळीच बदलू नये.

दुसरा, साखर दर दोन ते चार तासांनी तपासायची, रात्रीही.

तिसरा, साखर २५० च्या वर राहत असेल किंवा उलट्या होत असतील तर कीटोन तपासायचे. लघवीतील कीटोन पाहण्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. काही मीटरवर रक्तातील कीटोनही मोजता येतात. रक्तातील आकडा ०.६ च्या आत असेल तर ठीक. १.५ च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांशी बोलावे. ३ च्या वर गेला तर थेट रुग्णालय गाठावे.

चौथा, घोट घोट पाणी, ओआरएस, पेज, पातळ ताक देत राहायचे. साखर कमी होऊ लागली तर गोड पेय द्यायचे, पण इन्सुलिन बंद करायचे नाही.

पाचवा, उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जलद असेल, मूल गुंगीत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे.

हा आजार घरी निस्तरण्यासारखा नाही. रुग्णालयात शिरेतून सलाइन आणि इन्सुलिन हळूहळू देतात. शरीरातील पोटॅशियम घटलेले असते आणि इन्सुलिन सुरू केल्यावर ते रक्तात आणखी उतरते, त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ते वारंवार तपासून भरून काढावे लागते. लहान मुलांत उपचारादरम्यान मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर घाई करत नाहीत. ‘‘साखर तर उतरली, मग सोडत का नाहीत?’’ असे नातेवाईक विचारतात. साखर आधी उतरते, रक्तातील आम्ल जायला वेळ लागतो. तोपर्यंत इन्सुलिन चालू राहावे लागते.

इन्सुलिन नियमित टोचूनही साखर वाढत असेल तर बाटलीकडे पाहावे. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले किंवा उन्हात तापलेले इन्सुलिन निकामी होते. जिथे फ्रिज नाही किंवा लाइट सारखी जाते, तिथे ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा मटका उपयोगी पडतो. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या आणि १०० युनिटची पेन-काडतुसे दोन्ही मिळतात. ४० च्या बाटलीला ४० चीच, म्हणजे लाल टोपणाची सिरिंज वापरावी. सिरिंज बदलली तर डोस चुकतो.

रोजा आणि इन्सुलिन

आता आपल्या घरांतला सर्वांत नाजूक प्रश्न. मधुमेह असलेल्यांपैकी किती जण रोजे ठेवतात, याचा १३ मुस्लिमबहुल व मुस्लिम वस्तीच्या देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात भारतही होता. टाइप १ च्या सुमारे ४३ टक्के आणि टाइप २ च्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. म्हणजे डॉक्टर ‘नको’ म्हणाले तरी लोक ठेवतात. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. अख्खे घर सहरीला उठलेले असताना आपण झोपून राहायचे, हे कोणालाही सोपे नाही.

मुलांच्या बाबतीत तर रोजा-कुशाईचा प्रसंग येतो. चुलत-मावस भावंडांच्या गळ्यात हार पडतात, नवे कपडे येतात, दावत होते. मधुमेह असलेले मूल म्हणते, मलाही ठेवायचा. कधी ते सहरी करून गुपचूप रोजा ठेवते आणि दिवसाचे इन्सुलिन टाळते. अशा मुलाला रागावून उपयोग नाही. बालिग होण्याआधी रोजा फर्जच नाही, हे त्याला समजवावे आणि कौतुकाचा वाटा दुसऱ्या मार्गाने द्यावा. इफ्तारचे ताट मोहल्ल्यात वाटायचे काम, कुरआनचे एखादे पारे पूर्ण केल्याची दावत, असे काही.

मोठ्यांसाठी सूरह बकरामध्येच सवलत आलेली आहे. आजारी आणि मुसाफिर यांनी नंतर ते दिवस भरून काढावेत, आणि ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी मिस्कीनाला जेवण द्यावे. ही रुखसत अल्लाहने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. जिवाचे रक्षण हा शरीयतच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे.

मधुमेह आणि रमजान यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात, मागच्या तीन महिन्यांत डीकेए होऊन गेलेल्यांना सर्वाधिक धोक्याच्या गटात धरले आहे. त्यांनी रोजा ठेवू नये, असाच सल्ला आहे. तरीही ज्यांना रोजा ठेवायचा आहे त्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून डोसची नवी आखणी करून घ्यावी. दिवसात अनेकदा साखर तपासावी. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने किंवा त्वचेखाली इन्सुलिन टोचल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलमांचे मत आहे. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे, पण शंकेपायी सुई चुकवू नये. साखर ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली, उलट्या किंवा ताप आला, तर रोजा त्याच क्षणी सोडावा. मगरिबला अर्धा तासच उरला आहे, असा विचार करू नये.

टाइप २ वाल्यांनीही लक्ष द्यावे

डीकेए हा मुख्यतः टाइप १ चा धोका असला तरी न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, मोठा संसर्ग अशा वेळी टाइप २ च्या रुग्णालाही तो होऊ शकतो. शिवाय ‘ग्लिफ्लोझिन’ने नाव संपणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, आता बरेच जण घेतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण उपास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन अशा वेळी त्यांच्यामुळे कधी कधी असा डीकेए होतो, ज्यात साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. म्हणून रमजानपूर्वी आणि ऑपरेशनपूर्वी या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

मुलगी, निकाह आणि लपवलेली सुई

शेवटी एक गोष्ट, जी दवाखान्यात कमी आणि घरात जास्त दडलेली असते. मुलीला मधुमेह असेल तर तो लपवला जातो. पाहुणे आले की पेन आणि सुया कपाटात जातात. रिश्ता जमवताना बोलले जात नाही. मग सासरी गेल्यावर ती इन्सुलिन कुठे ठेवणार आणि कधी टोचणार? नव्या घरात चार दिवस डोस चुकवले तरी ती डीकेएमध्ये जाऊ शकते. आणि तिच्यासोबत असलेल्यांना काहीच माहीत नसेल तर तिला वेळेवर रुग्णालयात कोण नेणार?

नियमित इन्सुलिन घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, निकाह करते, योग्य देखरेखीखाली सुदृढ बाळाला जन्मही देते. लपवण्यासारखे यात काहीच नाही. रिश्त्याच्या बोलणीत खरे सांगावे. ऐकून मागे फिरणारे लोक तेव्हाच फिरलेले बरे. आणि मुलाकडच्या मंडळींना आमची विनंती आहे, की चौकशी करताना ‘‘सुई घेते का?’’ एवढ्यावर रिश्ता मोडू नका. ती सुई घेते म्हणजे ती स्वतःची काळजी घेते.

आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल?

पार्मामध्ये जे एका पोस्टरने झाले ते आपल्या मशिदीच्या फलकावर, मकतबच्या भिंतीवर, उर्दू आणि मराठी शाळांत होऊ शकते. चार ओळी पुरेत: मूल फार पाणी पिते, फार लघवीला जाते, वाळत चालले आहे, पुन्हा अंथरूण ओले करते – आजच साखर तपासा. पेशइमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात दोन मिनिटे यावर बोलले तर अनेक घरांपर्यंत ते पोहोचेल. मकतबच्या उस्तादांनी मधुमेही मुलाला सबक चालू असताना पाणी प्यायला आणि लघवीला जायला रोखू नये.

आणि ज्या घरात इन्सुलिन आहे, तिथल्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवावा. त्यावर डॉक्टरांचा नंबर, १०८, आणि मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहावे: ‘ताप असो, उलटी असो, जेवण नसो – इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही.’ अम्मी घरी नसेल आणि दादीला निर्णय घ्यावा लागेल, तेव्हा तो कागद कामी येईल.